वैरण्याआधीची मूठ

ऐझॉल, मिझोराम
६ ऑक्टोबर २००७

ओउन सोथिया,

जूनमध्ये तुला बंदरावर रडवून आलो आणि आज पहिलं पत्र लिहितेय, म्हणजे तू रुसली असणार. रूस. पण कारण ऐक. आम्ही घरी आलोय खरे, पण घरात नाही. थनसांगा, मी आणि आमची लेक पारतेई असे तिघं एक प्रोजेक्टर, चित्रांची पेटी आणि गाद्यांची वळकटी घेऊन जीपमधून गावोगाव फिरतोय. आजवर एकोणीस गावं झाली. आज फक्त कपडे धुवायला घरी आहे.

गावात गेलं की ठरलेला कार्यक्रम. चर्चमध्ये पडदा लागतो. थनसांगा तुमच्या प्रे त्रालाचबद्दल, वसतिगृहाबद्दल, चौदा मुलांबद्दल बोलतो. माझा नवरा एकदा सुरू झाला की गॅसबत्ती विझेपर्यंत थांबत नाही, हे तुला माहीत आहे. मग पारतेई तुमच्या भाषेतलं नावाड्याचं गाणं म्हणते आणि मी तू दिलेलं जांभळं साम्पोत नेसून मधोमध उभी राहते. बायका येऊन त्याचा काठ हातात घेऊन बघतात. प्रश्न सगळीकडे तेच. तिथले लोक साप खातात का? पाण्यावरच्या घरात संडास कुठे असतो? तुझी ती सोथिया जाडी आहे की बारीक? मी सांगते, मध्यम.

तू निघताना विचारलं होतंस, वसतिगृहाचा खर्च कोण देतं? तुला वाटत होतं एखादा मोठा साहेब देतो. साहेब नाही गं. आमच्याकडे प्रत्येक बाई चुलीवर भात वैरण्याआधी मोजलेल्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुलीजवळ त्यासाठी वेगळा डबा असतो. आठवड्याला तो चर्चमध्ये रिकामा होतो, तांदूळ विकले जातात आणि त्यातून आमच्यासारखी माणसं दूर पाठवली जातात. माझ्या आजीपासून हे चालू आहे. वसतिगृहातल्या तुझ्या लाडक्या पिचला ताप आला तेव्हा बोटीने दवाखान्यात नेलं, ते या मुठींवर.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमची मिशन समिती बसेल आणि आम्हाला परत पाठवायचं की इथेच ठेवायचं ते ठरवेल. गावांकडून किती जमतं त्यावर ते आहे. काळजी करू नकोस, दरवेळी जमतं. यंदा पूर्वेकडे पीक जरा कमी आहे म्हणतात, पण ते होतंच असतं. आम्ही तुमच्या एप्रिलमधल्या नववर्षाच्या आत परत येऊ असं मी मनाशी धरलंय. मुलांना मात्र अजून काही सांगू नकोस.

तुझी,
रोझुआली


प्रे त्रालाच
नोम पेन्हमार्गे
२ नोव्हेंबर २००७

बाँग रोझुआली,

रुसले होतेच. थोरली बहीण म्हणून बाँग बाँग करते मी, आणि धाकटीला ओउन म्हणणारी तू मात्र चार महिने ढिम्म. वुथी म्हणतो, तुझी बाँग घरी जाऊन डुकराचं मांस खात बसली असेल, तिला आपल्या माशांची आठवण कुठली. माझ्या नवऱ्याची जीभ तुला ठाऊक आहे.

इकडे सगळं ठीक. पाणी ओसरलंय, शेतं हिरवी आहेत, मासे एवढे की मांजरंसुद्धा निवडून खातात. तुमचा तो लाल कोंबडा अजून जिवंत आहे आणि अजून पहाटे तीनला ओरडतो. मी त्याला दोनदा पकडायला गेले, मुलांनी लपवला. पिचचा पुढचा दात पडला. तिने तो थनसांगादादाला दाखवायला काडेपेटीत ठेवलाय.

तुझं मुठीचं वाचलं आणि त्या दिवशी मला सैपाक सुचेना. सहा वर्षं मी त्या वसतिगृहात सैपाक करतेय. रोज सकाळी पातेल्यात तांदूळ ओतताना मी कधी म्हटलं नाही की हे कुणाच्या हातचे. कुणीतरी बाई तिकडे डोंगरात बसून आपल्या पोरांच्या भातातून काढते आणि मी इथे करपवते! परवा खरंच करपला होता, मुलांनी चेष्टा केली. आता मी लक्ष देऊन करते.

एक काम कर. त्या बायकांचा एक फोटो पाठव. डब्यांसकट. मला त्यांचे हात बघायचेत.

मुलांना मी काहीही सांगितलेलं नाही.

तुझी,
सोथिया


थिंगसेनफाई
१० डिसेंबर २००७

ओउन,

हा घे फोटो. पूर्वेकडच्या डोंगरातलं हे गाव आहे, पन्नास घरांचं. मागे चर्च दिसतंय ते. पुढे सात बायका आपापले डबे घेऊन उभ्या आहेत. मधली ठेंगणी, काळी शाल घेतलेली, ती पी दार्थांगी. आमची पी म्हणजे तुमची येय. चौऱ्याहत्तर वर्षांची आजी आहे आणि सगळ्या गावाला धाकात ठेवते. कडेला मी. हसतेय कारण फोटो काढणाऱ्या शिक्षकाने आधी कॅमेऱ्याचं झाकणच काढलं नव्हतं.

इथे आमचे फार लाड करतात. दोन्ही वेळा भरपेट, शिवाय गुळाचा चहा. पारतेई गोल झालीय. तुझं साम्पोत मला आता कमरेत बसेना, इतकं खाल्लंय. थनसांगाचं भाषण थोडं आटोपशीर झालंय, देवाची कृपा.

जमतंय हळूहळू. पिचला सांग, दात जपून ठेव.

तुझी,
रोझुआली


प्रे त्रालाच
५ जानेवारी २००८

बाँग,

तू मला खोटं लिहिलंस.

फोटो मी तीन दिवस बघतेय. पहिल्या दिवशी हात बघितले. दुसऱ्या दिवशी डबे. तांदूळ कसा दिसतो हे मला शिकवायला नको, मी शेतातच वाढलेय. त्या डब्यांत तांदूळ नाही. दोघींच्या डब्यांत थोडा आहे, तळाला. बाकीच्यांत कसल्यातरी कंदाच्या चकत्या आहेत. काळ्या शालीतल्या तुझ्या त्या आजीच्या पायाशी सुपात पण तेच वाळत घातलंय. रानातला कंद आहे तो, खूप वेळा पाणी बदलून उकडल्याशिवाय घसा खाजतो. मला माहीत आहे, कारण मी तेरा वर्षांची असल्यापासून सतरा वर्षांची होईपर्यंत ते खाल्लंय. बंदुका घेऊन सगळ्या देशाला शेतात जुंपणाऱ्या त्या लोकांच्या राज्यात आम्हाला दिवसाला एक पळी पेज मिळायची. पळीत किती शितं आहेत ते आम्ही मोजायचो. माझी आई आणि दोन भाऊ त्यातच गेले. मी तुला हे कधी सांगितलं नाही, आज सांगतेय.

आणि साम्पोत कमरेत बसेना? तुझ्या कमरेला दोन सेफ्टी पिना आहेत. साम्पोत आवळून घेतलंयस, सैल पडतंय म्हणून.

भुकेलं माणूस फोटोत कसं उभं राहतं ते मी जन्मात विसरणार नाही. मला लहान समजून फसवू नकोस. तिथे काय झालंय ते सगळं लिही. नाही लिहिलंस तर मी तुला बाँग म्हणणार नाही.

सोथिया


ऐझॉल
२८ जानेवारी २००८

ओउन सोथिया,

तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग बरं वाटलं. लिहिते सगळं. तुझ्या आईचं आणि भावांचं वाचलं. सहा वर्षं आपण एका चुलीपाशी उभ्या राहिलो आणि मला माहीत नव्हतं. त्याबद्दल मी समोर येऊनच बोलेन.

आमच्या डोंगरांवर बांबूच बांबू आहे. पन्नास वर्षांनी एकदा तो सगळा फुलतो आणि मरतो. त्याचं बी खाऊन उंदीर इतके माजतात की मोजता येत नाहीत. बी संपलं की ते शेतात शिरतात. संध्याकाळी पिवळं झालेलं शेत बघून झोपलेला माणूस सकाळी उठून नुसत्या काड्या बघतो. यंदा ते झालं. थिंगसेनफाईत पन्नासांपैकी चार घरांना भात मिळाला. सरकारचा तांदूळ येतो, पण रस्ता खचला की पंधरा पंधरा दिवस येत नाही. लोक मरत नाहीयेत, हे मी शपथेवर सांगते. पण पोटभर कुणी खात नाहीये.

आणि अशा गावात आम्ही प्रोजेक्टर घेऊन मागायला गेलो! मला पडद्यासमोर उभं राहवेना. त्या रात्री मी थनसांगाला म्हटलं, आज मी बोलते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बायांनो, यंदा मूठ काढू नका. यंदा तुमचा डबा तुमच्या पोरांसाठी ठेवा. देव रागावणार नाही."

मला वाटलं, बायकांना हायसं वाटेल. मग पी दार्थांगी उठली.

"ए शहाणे, खाली बस," ती म्हणाली. "मूठ काय तुझ्या बापाची आहे, बंद करायला?"

"पी, पण घरात तांदूळच नाही तर..."

"तांदूळ नाही तर कंद आहे. कंदाची मूठ निघते. मागच्या वेळी बांबू फुलला तेव्हा माझी थोरली कडेवर होती. तेव्हा कंदही मिळत नव्हता धड. तेव्हाही माझ्या सासूने डबा पालथा घातला नाही. आणि तू शहरातून जीपने येऊन सांगतेस, काढू नका?"

"मला तुमची काळजी वाटली हो."

"काळजी वाटली तर लाकडं फोडून दे. आमच्याकडे यंदा शेत नाही, बी नाही, कोंबडीसुद्धा नाही. एक देणं तेवढं राहिलं होतं. आजवर आम्ही देणाऱ्या होतो. तू एका वाक्यात आम्हाला घेणाऱ्या करून मोकळी झालीस!"

सोथिया, मला कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी खरंच तिची लाकडं फोडली. तिने मला कंद वाढला आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "शहाणी आहे, पण हात कामाचे आहेत." मग फोटो काढला. फोटोत हसतेय ते खोटं नाही.

चूक माझी कळली. पण तेवढ्याने पेच सुटला नाही. त्या देतात म्हणून आम्ही घ्यावं का? थनसांगा रोज रात्री हेच बोलतो. तो म्हणतो, समितीला आपणच लिहून देऊ की यंदा आम्हाला पाठवू नका, जे जमलं ते याच गावांना वाटा. त्याने पत्र लिहूनही ठेवलंय, फक्त सही करायची आहे. मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही. आम्ही नाही आलो तर वसतिगृह बंद पडेल, चौदा मुलं पुन्हा मासेमारीच्या बोटींवर राबायला जातील, हे त्यालाही कळतं. तो हल्ली जेवताना बोलत नाही. थनसांगा, आणि बोलत नाही!

तेव्हा तू मनाची तयारी ठेव. मुलांना काही सांगितलं नाहीस ते फार बरं केलंस.

तुझी,
रोझुआली


प्रे त्रालाच
२० फेब्रुवारी २००८

बाँग,

पुन्हा बाँग म्हणतेय, बघ.

आधी माझं खोटं. मुलांना मी नोव्हेंबरातच सांगितलं की तुम्ही नववर्षाला येणार. पिच रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारते. त्यामुळे आता आपण दोघी सारख्याच खोटारड्या आहोत.

आता ऐक. तुझं पत्र मी विहिरीपाशी वाचून दाखवलं. सगळं गाव जमलं होतं, आपल्या चर्चमधल्या आठ बायका आणि बाकीच्या पॅगोडात जाणाऱ्या. उंदरांचं ऐकून येय रिन म्हणाली, "मग भाजून खायचे की! आमच्याकडे लोक विकत घेतात." तुमच्याकडे उंदीर खातात का, असं तिने विचारायला सांगितलंय. तुम्ही सापाचं विचारलंत ना, आता फेडा.

मग तुझ्या आजीचं बोलणं वाचलं. घेणाऱ्या केलंस, ते. येय रिनने मला ते दोनदा वाचायला लावलं. तिला दात नाहीत, तिने हिरड्या चावत थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आपण सहा वर्षं घेणाऱ्याच की गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. हातात नव्या भाताची मूठ. आमच्याकडे पीक चांगलं आलंय यंदा. ती रोज सकाळी भिक्खूंच्या पात्रात पळीभर भात घालते, त्याआधी ही काढली म्हणाली. भिक्खूला विचारलं का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "विचारलं. तो म्हणाला, मोठी मूठ काढ." मग चौदा मुलांनी एकेक मूठ आणली. पिचची मूठ केवढीशी, म्हणून तिने दोनदा आणली. मग विहिरीवरच्या बायका. वुथीने पण आणली, आणि म्हणतो कसा, माझी मूठ मोठी आहे, लक्षात ठेवून बाँगला कळव. कळवलं.

सोबतच्या पिशवीत ते तांदूळ आहेत. तुमची नर्स ह्मिंगथानी नोम पेन्हहून सुटीवर घरी चाललीय, तिच्या बॅगेत घालतेय. हे समितीला द्यायचे नाहीत. विकायचे नाहीत. तुझ्या आजीच्या चुलीवर शिजवायचे आणि त्या सात बायकांनी बसून खायचे, आणि तू पण. लाज धरू नकोस. देण्याची हौस काय तुम्हालाच आहे?

थनसांगादादाला सांग, सही करण्याआधी हे खा. मग काय करायचं ते कर. आम्ही रागावणार नाही. पिच रागावेल.

तुझी,
सोथिया


ऐझॉल
२२ मार्च २००८

ओउन सोथिया,

पिशवी पोचली. ह्मिंगथानीला विमानतळावर विचारलं म्हणे, बाई, तांदूळ घेऊन तांदळाच्या देशात कशाला चाललात? ती म्हणाली, आजीला द्यायचेत. तेवढ्यावर सोडलं.

समिती बसायच्या तीन दिवस आधी आम्ही तिघं ती पिशवी घेऊन थिंगसेनफाईला गेलो. पी दार्थांगीच्या घरात सातही बायका आल्या, आणि सात म्हटल्या की मागून बावीस येतात. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. येय रिनच्या प्रश्नाला उत्तर: खाल्ले. भाजले, धुरावले, उकडले. खाऊन खाऊन आम्ही दमलो, उंदीर दमले नाहीत. पी म्हणाली, तिला सांग, ये आणि मदत कर.

बावीस जणींना पुरावं म्हणून पातळ खिमट करायचं ठरलं, आमच्या पद्धतीचं, धुरावलेलं थोडं मांस घालून. मांसाचा तुकडा कुणीतरी नाताळपासून जपून ठेवला होता. आधण आलं. पीने पिशवीची गाठ सोडली, तांदूळ हातावर घेतला, वास घेतला. "वास आहे याला," म्हणाली. सगळ्यांनी वास घेतला. एकीने डोळे पुसले, धुरामुळे म्हणाली.

मग पी वैरायला पुढे झाली. आणि सोथिया, तिचा हात पिशवीत गेला, मूठ भरून बाहेर आला आणि चुलीजवळच्या डब्यात रिकामा झाला. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. साठ वर्षांची सवय. मी म्हटलं, "पी, अहो हे त्यांनीच तर पाठवलेत! ही मूठ त्यांच्यासाठीच काढता?"

"मग? तांदूळ आहे ना? चुलीवर चढतोय ना?" ती म्हणाली. "मूठ निघणारच."

पहिली पारतेई हसली, मग सगळं घर. पी आधी चिडली, मग तिच्याही लक्षात आलं आणि तीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढं हसू त्या गावात पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच झालं असेल. खिमट प्रत्येकीला वाटीभर आलं. मी खाल्लं. लाज धरली नाही. तुझ्या हातचा भात एवढा चांगला लागत नाही, कारण तो करपलेला असतो.

निघताना पीने ती मूठ फडक्यात बांधून थनसांगाच्या खिशात घातली. "ही त्या दात नसलेल्या बाईला नेऊन दे," म्हणाली.

"पी, आम्ही जाणार की नाही ते अजून ठरायचंय," तो म्हणाला.

"तू जा किंवा जाऊ नकोस. मूठ गेली पाहिजे. मला दुसरा कोण ओळखीचा आहे तिकडे?"

परतीच्या वाटेवर तो जीपमध्ये सारखा तो खिसा चाचपत होता. घाटात एका वळणावर त्याने दुसऱ्या खिशातून ते सही न केलेलं पत्र काढलं, घडी घातली आणि पारतेईला नाक पुसायला दिलं.

समितीत प्रत्येक गावाने काय दिलं ते वाचलं जातं. थिंगसेनफाईचं नाव आलं तेव्हा थनसांगाने फडकं टेबलावर ठेवून सोडलं. "एक मूठ," तो म्हणाला आणि ती कुठे पिकली, कशी आली ते सांगितलं. चार वाक्यांत, मी मोजली. मग अध्यक्ष, मोठे करडे गृहस्थ आहेत, त्यांनी टेबलावर सांडलेले दोन दाणे बोटाने टिपून फडक्यात परत टाकले आणि म्हणाले, "पोचवायला कुणीतरी जायलाच हवं." गावांसाठी वेगळा निधीही त्याच बैठकीत ठरला. ऐझॉलच्या बायका पावसाळ्यापर्यंत एकाऐवजी दोन मुठी काढणार आहेत, दुसरी डोंगरातल्या गावांसाठी. थिंगसेनफाईच्या बायकांनी निरोप धाडलाय की चालेल, पण पहिली मूठ आमचीही धरा.

आम्ही दहा एप्रिलला निघतो, नववर्षाच्या आदल्या दिवशी पोचू. पिचला म्हणावं, फुल्या मारणं चालू ठेव आणि काडेपेटी शोधून ठेव. कोंबड्याला हात लावू नकोस.

मूठ माझ्या पेटीत साम्पोतच्या घडीत आहे. आल्या आल्या तुझ्या चुलीवर चढवू, येय रिनला पहिला घास देऊ. फक्त एक कर, ओउन. त्या दिवशी आधण आलं की तू लांब उभी राहा आणि हात पाठीमागे बांध. त्या मुठीतून तूही मूठ काढलीस, तर पोरांच्या वाट्याला एकेक शीतच यायचं.

तुझी बाँग,
रोझुआली